चतुर्थ श्रेणी

आजची आरती मी पार मागे, चपलांच्या स्टँडला टेकून म्हटली. पुढे गेलो असतो तर नानांनी पुन्हा विषय काढला असता.

आमचा गणपती दीड दिवसाचा. २०२५ साली बुधवारी, २७ ऑगस्टला बसला आणि त्याच रात्री साडेबाराला लीग कप या इंग्लंडमधल्या फुटबॉल स्पर्धेत आमच्या मँचेस्टर युनायटेडची मॅच होती, ग्रिम्सबी टाउनशी. घरात चौदा पाहुणे, टीव्हीच्या पुढ्यात मखर. "समईपाशी मी बसतो, तुम्ही सगळे झोपा," असं मी आपणहून म्हणालो. आईला भरून यायचंच बाकी होतं. फोन आवाज बंद करून फुलांच्या परडीला टेकवला.

पाऊण वाजून गेल्यावर नाना पाणी प्यायला उठले. नाना म्हणजे आत्याचे यजमान, सरकारी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त.

"आपले कोणते रे?"

"ते पट्ट्यापट्ट्यांचे शर्ट सोडून बाकीचे."

नानांनी चष्मा लावायला आणि पट्टेवाल्यांनी गोल मारायला एकच गाठ पडली.

"पट्टेवाले बरे खेळतायत," नाना खाली बसत म्हणाले. "आमच्याकडेही तेच होतं. सही साहेबाची, पण फाइल हलणार पट्टेवाल्यानं हलवली तर. मोठा क्लब आहे का त्यांचा?"

"छे! चौथ्या डिव्हिजनमधला आहे."

"म्हणजे चतुर्थ श्रेणी!" नानांचा चेहरा समईपेक्षा उजळला. "अरे, आज चतुर्थी, आणि समोर चतुर्थ श्रेणी कर्मचारी! तुमचं काही खरं नाही."

आठ मिनिटांत दुसरा गोल झाला.

मग कॅमेरा आमच्या मॅनेजरवर गेला. रुबेन अमोरिम मांडीवर छोटा बोर्ड घेऊन त्यावरचे लोहचुंबक इकडून तिकडे सरकवत होता.

"हा कोण सोंगट्या खेळतोय?"

"मॅनेजर आमचे."

"त्यांना म्हणावं, पोरं मैदानात आहेत."

मी विषय बदलायला गेलो. म्हटलं, ग्रिम्सबी हे मासेमारीचं गाव, तिथले लोक मॅचला फुगवलेले प्लास्टिकचे हॅडॉक मासे घेऊन येतात. गंमत म्हणजे यांचं मैदान ग्रिम्सबीत नाहीच, शेजारच्या क्लीथॉर्प्समध्ये आहे. नानांनी फक्त 'मासे' ऐकलं. "गणपतीत?" म्हणत त्यांनी फोनचं तोंड मखराकडून भिंतीकडे वळवलं. पुढचा बराच वेळ मी मान वाकडी करून मॅच पाहिली.

मला त्यांना खूप काही सांगायचं होतं. १९९९ साली युरोपच्या फायनलला जर्मनीच्या बायर्न म्युनिकविरुद्ध अगदी शेवटच्या, भरपाईच्या वेळेत आमचे दोन गोल झाले, तेव्हा मी असाच अंधारात तोंडावर उशी दाबून ओरडलो होतो. आमचा जुना मॅनेजर फर्ग्युसन, त्यानं तेरा वेळा लीग जिंकून दिली आणि २०१३ साली तो निवृत्त झाला. त्यानंतर एकदाही नाही. गेल्या मोसमात आम्ही पंधरावे आलो, वीस संघांत. ३८ पैकी १८ सामने हरलो. पण रात्री दीड वाजता, घोंगडीवर बसलेल्या निवृत्त हेडक्लार्कला हे कुठून सांगायला सुरुवात करायची?

७५व्या मिनिटाला आमच्या एम्ब्युमोनं एक गोल फेडला. ८९व्या मिनिटाला आमच्याच मॅग्वायरनं डोकं लावलं आणि बरोबरी झाली. मी उडी मारली. उपरण्याचा वारा लागला की काय कोण जाणे, समई विझली.

नाना एक शब्द बोलले नाहीत. काडी ओढून त्यांनीच ती लावली. ओरडले असते तर बरं झालं असतं.

बरोबरीच राहिली, म्हणून मग पेनल्ट्या. त्या संपेचनात. नाना मस्टरवर हजेरी घेतल्यासारखे बोटांवर मोजत होते. आमचे दोन चुकले, कुन्या आणि एम्ब्युमो. दोघेही याच उन्हाळ्यात प्रत्येकी ६ कोटी पौंडांच्या वर मोजून आणलेले. एम्ब्युमोचा शेवटचा फटका आडव्या दांड्यावर आदळला. १२-११. पावणेतीन वाजले होते.

"झोप आता," नाना म्हणाले. "एवढ्या पैशांत त्यांनी पट्टेवालेच भरती करायचे."

सकाळी नानांनी आत्याला सांगितलं, आत्यानं आईला, आणि आईनं दर्शनाला येणाऱ्या प्रत्येकाला. फुटबॉलपायी समई विझवली, वर हरले ते हरलेच, अशी कथा दुपारपर्यंत पक्की झाली. समोरच्या काकूंनी हातावर तीर्थ घालताना विचारलं, "पट्टेवाल्यांकडून हरलात म्हणे?" आता हसायचं तरी कसं? मी सव्वीस वर्षं झोपमोड करतोय हो या टीमपायी. लग्नाच्या आदल्या रात्रीसुद्धा केली होती. त्याची कुणाला कदर नाही, आणि एक समई विझली तर अख्ख्या मजल्याला बातमी! मोदकही मला मागून मिळाला, तोही फुटलेला.

संध्याकाळी विसर्जन करून परत येताना रिकामा पाट माझ्या डोक्यावर होता. नाना शेजारून चालत होते. कोपऱ्यावर सिग्नलला थांबल्यावर त्यांनी हळूच विचारलं, "पुढची मॅच कधी?"

"शनिवारी. बर्नलीशी. संध्याकाळी साडेसातला."

"ते कुठल्या श्रेणीतले?"

"आमच्याच. पहिल्या."

नाना जरा हिरमुसले. "बघू," म्हणाले. "पण माझं जेवण तेव्हा असतं."