खुलासा: ड्राउ बार्डवर बंदी नाही

‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ या काल्पनिक पात्रं रंगवण्याच्या खेळात प्रत्येक पात्राला एक वंश आणि एक वर्ग, म्हणजे पेशा, असतो. तो खेळणाऱ्यांमध्ये एक मेसेज फिरतोय: ड्राउ, म्हणजे जमिनीखाली राहणारा डार्क एल्फ, ‘रोग’ (rogue, लपूनछपून काम करणारा) होऊ शकतो पण ‘बार्ड’ (गाण्यातून जादू करणारा) नाही, नियमातच तशी मनाई आहे. हे आज खरं नाही.

मनाई होती, पण जुनी. १९८९च्या दुसऱ्या आवृत्तीत बार्ड फक्त माणूस किंवा हाफ-एल्फ (अर्धा माणूस, अर्धा एल्फ) होऊ शकत असे, त्यामुळे सगळेच एल्फ बाद. २०००च्या तिसऱ्या आवृत्तीने वंशानुसार वर्ग अडवणं बंद केलं. २०१४च्या नियमपुस्तकात तर ड्राउला चपळाईत दोन आणि करिश्म्यात एक गुण जास्त मिळत असे, त्याची जन्मजात जादूही बार्डच्या जादूसारखी करिश्म्यावरच चालत असे. बार्डला आणखी काय हवं?

‘ड्राउंच्या समाजात गाणं नाहीच’ असं कुणी म्हणत असेल, तर तेही चूक. ड्राउंची मुख्य देवी लोल्थ, तिची मुलगी आयलिस्ट्रे ही गाणं, नृत्य, तलवार आणि चांदण्याची देवी. तिच्या भक्तिणी रात्री जमिनीवर येऊन चंद्रप्रकाशात नाचतात. मेन्झोबेरान्झन या ड्राउंच्या भूमिगत शहरात मात्र ही भक्ती उघड झाली तर जीवच जातो. म्हणून असं पात्र घेणाऱ्याने पात्राने ते शहर का आणि कसं सोडलं, हे आधी ठरवावं. खरी गोष्ट तिथेच आहे.

रोगचं म्हणाल, तर तो तिथे वाळीत टाकलेला चोर नसतो. घराणी एकमेकांवर छुपे हल्ले करतात, आणि हरलेल्या घराण्याचा एकही वारस तक्रार करायला उरला नाही, तर गुन्हा घडलाच नाही असं धरतात. अशा शहरात सावलीत वावरणाऱ्याला प्रत्येक घराण्यात काम मिळतं.