आरोग्य-विषमतेचा अहवाल हाताळण्याची शास्त्रशुद्ध पद्धत

सुज्ञ वाचकहो, आपल्या लोकशाहीत समित्यांची संख्या पाहता आज ना उद्या एखाद्या समितीवर आपलीही वर्णी लागणार आहे, आणि गरिबांची प्रकृती श्रीमंतांपेक्षा वाईट का असते या विषयावरचा जाडजूड अहवाल आपल्या टेबलावर येऊन पडणार आहे. घाबरून जाऊ नये. ऊसतोड कामगार स्त्रियांच्या आरोग्यावर भरलेल्या एका जिल्हास्तरीय कार्यशाळेला मी दिवसभर हजर होते आणि तिचे इतिवृत्त गेल्याच आठवड्यात माझ्या हाती पडले. ते वाचल्यावर असे अहवाल कसे हाताळावेत याचे ज्ञान मला झाले असून ते स्वतःपुरते ठेवणे मला प्रशस्त वाटत नाही.

प्रथम प्रकाशनाचा मुहूर्त. या बाबतीत ब्रिटनने जगाला वाट दाखवली आहे. तेथील मजूर पक्षाच्या सरकारने १९७७ साली सर डग्लस ब्लॅक यांच्या अध्यक्षतेखाली एक अभ्यासगट नेमला. सर्वांना मोफत उपचार मिळू लागून तीस वर्षे झाली तरी अकुशल कामगारांतील मृत्युदर वरच्या व्यावसायिक वर्गाच्या दुपटीहून अधिक आहे, आणि त्याची मुळे दवाखान्यात कमी व उत्पन्न, घर, काम यांत जास्त आहेत, असे या गटाने पुराव्यानिशी मांडले. तोवर सत्ता हुजूर पक्षाच्या थॅचरबाईंकडे गेली होती. १९८० च्या ऑगस्टमध्ये बँक हॉलिडेच्या सुट्ट्यांचा योग साधून अहवालाच्या अवघ्या २६० प्रती काढण्यात आल्या, आणि अहवालाच्या शिफारशींसाठी लागणारा एवढा खर्च वास्तवाला धरून नाही, असे खुद्द मंत्रिमहोदय पॅट्रिक जेन्किन यांनी प्रस्तावनेतच नमूद केले. दडपल्यामुळे तो अहवाल उलट जगभर गाजला, हा त्या पद्धतीतला दोष होय. आपल्याकडे तो दूर करण्यात आला आहे. आपण अहवाल दडपत नाही, त्याचा सत्कार करतो.

सत्कार सावकाश करावा. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, शाल, श्रीफळ आणि व्यासपीठावरील मान्यवरांनी एकमेकांना पुष्पगुच्छ देणे हे सारे यथासांग पार पडले की संशोधकाला बोलण्यासाठी जेवणाच्या सुट्टीआधीची दहा मिनिटे उरतात, आणि तेवढ्यात प्रोजेक्टर सुरू होत नाही.

प्रश्न कोणत्या खात्याचा हे आधी ठरवावे. पाण्याचा असेल तर ग्रामपंचायतीचा, मजुरीचा असेल तर कामगार खात्याचा, शौचालयाचा असेल तर कारखान्याचा, आणि बोलणे कारखान्यावर येऊ लागल्यास चहा मागवावा.

काहीच न सुचल्यास ‘सखोल अभ्यासाची आवश्यकता आहे’ असा शेरा मारावा.

आता सर्वांत महत्त्वाचे. संशोधनाने शंभर कारणे सांगितली तरी त्यांतून असे एकच कारण निवडावे, की ज्याचा उपाय करण्याची जबाबदारी खुद्द पीडित बाईवरच येईल. बीडचेच पाहा. तेथील गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा बोभाटा झाल्यावर २०१९ साली नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांची पाहणी झाली आणि त्यांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली आढळली. म्हणजे सुमारे सहा जणींमागे एक. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयोगटातील स्त्रियांमध्ये हेच प्रमाण शंभरात तीनच्या आसपास आहे. यावर ‘या महिलांमध्ये जागृतीचा अभाव आहे’ असा निष्कर्ष काढता येण्यासाठी जी प्रतिभा लागते ती आमच्या कार्यशाळेत मुबलक होती. मागच्या रांगेत बसवलेल्या एका ऊसतोड बाईंना अखेरीस बोलायला उभे करण्यात आले. ‘पाळीत खाडा केला की मुकादम उचलीतून पैसे कापतो, अंगावरून जायला लागलं, डॉक्टर म्हणाला कॅन्सर होईल, मग पिशवीच काढून टाकली,’ एवढे त्या बोलल्या, तोच सूत्रसंचालकांनी ‘मावशी, थोडक्यात’ म्हणून माईक काढून घेतला. इतिवृत्तात या प्रसंगाची नोंद अशी आहे: ‘लाभार्थी महिलेने मनोगत व्यक्त केले.’ त्याखाली ठराव दोन. जनजागृतीसाठी फिरते वाहन सुरू करणे आणि मासिक पाळीतील स्वच्छतेविषयी मार्गदर्शन करणे.

स्वच्छतेविषयी मार्गदर्शन! नवरा-बायको मिळून एक कोयता, म्हणजे मजुरीचे एकच एकक, धरला जातो, उचल, म्हणजे हंगामाआधीची आगाऊ रक्कम, दोघांवर मिळून दिलेली असते, पहाटे अंधारात फडात उतरायचे, डोक्यावर मोळ्या वाहायच्या, गाडी रात्री आली तर रात्री भरायची, आणि सहा-सहा महिने राहायचे ते प्लॅस्टिकच्या कोपीत, म्हणजे झोपडीत, जिच्या आसपास शौचालय नाही आणि पिण्याचे पाणी कुणाच्या तरी विहिरीवरून मागून आणावे लागते. अशा बाईला हात कसे धुवावेत हे सांगायला तुमची गाडी जाणार. तिला स्वच्छता कळत नाही असे तुम्हाला खरोखर वाटते? तिला हिशेब तुमच्यापेक्षा चांगला कळतो. एका बाजूला दर महिन्याचे खाडे, दुसऱ्या बाजूला एकदाच होणारे ऑपरेशन. तिने बेरीज-वजाबाकी केली आणि शरीराचा एक अवयव देऊन टाकला. त्यासाठी पुन्हा मुकादमाकडूनच उचल घेतली. शस्त्रक्रियेआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी हवी, असा नियम बीडमध्ये आला तो योग्यच होता, मी त्याला नावे ठेवणार नाही. पण त्याने डॉक्टरच्या सुरीला वेसण घातली, खाड्याला कोण घालणार?

संशोधनातून धोरण होतच नाही, असेही नाही. गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्याच बायकांना शिकवून ३९ गावांत घरोघरी नवजात बाळांची काळजी घेतली. तिसऱ्या वर्षी नवजात मृत्यूंचे प्रमाण तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी घटले. १९९९ साली हे ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले, आणि २०११ साली देशभरच्या कार्यक्रमात उतरले. बारा वर्षे. हे आपल्याकडचे यशाचे उदाहरण आहे, आणि त्याचे ओझे आज वाहतात त्या आशाताई, ज्यांना मानधनासाठी दरवर्षी आंदोलनाला बसावे लागते.

आता मार्गदर्शन पुरे झाले. विषमतेवर उपाय सापडत नाही ही सबब खोटी आहे. इंग्लंडमध्ये १९९७ नंतरच्या सरकारने गरीब भागांतील उत्पन्न, बालसंगोपन, घरे आणि आरोग्यसेवा यांवर मिळून पैसा घातला, तेव्हा सर्वांत गरीब भाग आणि उरलेला देश यांच्या आयुर्मानातली दरी कमी झाली, आणि ते धोरण गुंडाळल्यावर पुन्हा रुंदावली. पुरावा दोन्ही बाजूंनी उपलब्ध आहे. तुम्हाला वाचता येते. ‘आरोग्य हा केवळ आरोग्य खात्याचा विषय नाही’ हे वाक्य तुम्ही स्वतःच भाषणात वापरता, टाळ्या घेता, आणि मग ठराव मात्र आरोग्य खात्याच्या गाडीचा करता, कारण मजुरीचा ठराव करायचा तर ज्याच्याकडून हार घालून घेतलेला असतो त्याच्याकडे बघून करावा लागतो. लाज वाटायला हवी. पुढच्या कार्यशाळेचे निमंत्रण मला जरूर पाठवा, मात्र सोबत एक तक्ता जोडा: या गाळप हंगामात किती कोप्यांजवळ शौचालये उभी राहिली, पिण्याचे पाणी कोणत्या तळावर पोचले, पाळीच्या आणि बाळंतपणाच्या किती खाड्यांचे पैसे कापणे बंद झाले. तक्ता रिकामा असेल तर सभागृह आरक्षित करू नका, आणि त्या बाईंना एका दिवसाची मजुरी बुडवून पुन्हा मागच्या रांगेत आणून बसवू नका.