प्लेअर भंगारात द्यायच्या आधी कार्ड काढा

मामांनी घरच्या ग्रुपवर टाकलेला मेसेज असा: ‘स्मार्टफोन आला, एमपी३ प्लेअर मेला. आयपॉडसुद्धा बंद झाला. फोनचा आवाज जास्त चांगला. ॲपमध्ये गाणी डाउनलोड केली की नेट लागत नाही. प्लेअरमधलं सगळं स्वतःलाच व्हॉट्सॲपवर पाठवा, कायमचं सेव्ह होतं, आणि डबडं भंगारात द्या.’ खाली हात जोडलेले चार इमोजी. मामींनी लगेच काकड्याचा प्लेअर शोधायला घेतला, म्हणून हे घाईनं लिहावं लागतंय.

शेवटच्या सल्ल्यापासूनच धरतो. बाकीचं चुकलं तर फार तर पैसे जातील. हे चुकलं तर गावातल्या भारुडाचं, गेलेल्या आजीच्या ओव्यांचं रेकॉर्डिंग जाईल, आणि ते कुठल्याच ॲपवर परत मिळत नाही.

व्हॉट्सॲप कंपनीनं स्वतःच लिहून ठेवलंय की निरोप पोचला की तो त्यांच्या सर्व्हरवरून काढला जातो. न पोचलेला ३० दिवस ठेवतात, मग तोही पुसतात. मग स्वतःला पाठवलेली फाइल राहते कुठं? त्याच फोनमध्ये, ‘सेंट’ नावाच्या फोल्डरात. मेमरी भरली की लेकरं पहिला झाडू तिथंच फिरवतात. गुगल ड्राइव्हचा बॅकअप चालू असेल तर तिथं जातं, हे मान्य. पण फुकटची जागा १५ जीबी, तीही जीमेल आणि फोटोंसकट. प्लेअरमधलं ३२ जीबीचं भरलेलं मेमरी कार्ड त्यात कोंबणार कसं?

दुसरं नुकसान लगेच दिसत नाही. अँड्रॉइडवर ऑडिओ म्हणून पाठवलेल्या फाइलीचं नावच बदलतं. ‘०३ भूपाळी’ जाऊन तिथं ‘एयूडी’, तारीख आणि ‘डब्ल्यूए०००७’ असलं काहीतरी येतं. घरगुती रेकॉर्डिंगला आत टॅग, म्हणजे गाण्याचं-गायकाचं नाव लिहिलेली चिठ्ठी, नसते; फाइलीचं नाव हीच ओळख. दोनशे फाइलींचं असं झालं की बसा एकेक वाजवत. पाठवायचंच असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाव टिकतं.

नीट करायचं तर कार्ड रीडरमध्ये घालून कॉम्प्युटरला जोडा आणि पूर्ण फोल्डर कॉपी करा. कट करू नका; मधेच लाइट गेली तर काय कुठं राहिलं ते कळत नाही. मग दोन्हीकडं प्रॉपर्टीज उघडून फाइलींची संख्या आणि ‘साइज’ जुळवा. त्याखालचा ‘साइज ऑन डिस्क’ जुळला नाही तरी घाबरायचं कारण नाही, तो प्रत्येक कार्डावर वेगळा येतो. कार्ड नसलेला प्लेअर केबलनं जोडल्यावर दिसत नसेल तर आधी केबल बदला. बऱ्याच स्वस्त केबलींत फक्त चार्जिंगच्या तारा असतात. ‘फॉरमॅट करायचं का’, म्हणजे सगळं पुसायचं का, असं विचारलं तर नाही म्हणा. एक प्रत पेनड्राइव्हवर, दुसरी दुसऱ्याच्या घरी.

‘नेट लागत नाही’ हेही अर्धवटच. स्पॉटिफायवर उतरवलेली गाणी टिकवायला ३० दिवसांतून एकदा तरी ऑनलाइन यावं लागतं, आणि ती फाइल ॲपच्या कुलपात असते, कार्डावर काढता येत नाही.

आवाजाबद्दल मात्र मेसेज बराचसा खरा आहे, नाइलाज आहे. पाच-सातशेचा प्लेअर चांगल्या फोनपेक्षा सरस वाजत नाही. शांत खोलीत मागं बारीक ‘सूं’ ऐकू येतं. महागडा प्लेअर घेऊन त्याला ब्लूटूथ हेडफोन लावणं तर वेडेपणाच, कारण आवाज घडवायचं काम तेव्हा हेडफोन करतो, प्लेअरमधली भारी चिप रिकामी बसते.

आयपॉड २००१ ला आला, २०२२ ला बंद झाला. बरोबर. सोनी अजून वॉकमन विकते.

रात्री शेतात पाणी द्यायला गेलेल्या माणसाला फोनची बॅटरी कॉलसाठी आणि टॉर्चसाठी लागते. चिखलाच्या हातानं टचस्क्रीन चालत नाही, बटण न बघता दाबता येतं. प्लेअरची जागा तिथं आहे.

त्याची खोडही सांगतो. स्वस्त प्लेअर बहुधा नावाचा क्रम बघत नाही, फाइली ज्या क्रमानं कार्डावर पडल्या त्याच क्रमानं वाजवतो. म्हणून आरती आधी आणि भूपाळी नंतर. प्रत घेतल्यावर कार्ड फॅट३२ मध्ये (फाइली मांडायची जुनी पद्धत) फॉरमॅट करून फाइली एकेक करून क्रमानं टाका. ६४ जीबीची कार्डं एक्सफॅट या नव्या पद्धतीत येतात, जुने प्लेअर ती वाचत नाहीत; ३२ चंच घ्या.

कपाटात वर्षभर पडलेला प्लेअर सुरू होत नसेल तर अर्धा तास चार्जिंगला लावून बघा. पण सेल फुगून पाठ वर आली असेल तर चार्जरला हात लावू नका. कार्ड काढून घ्या आणि तो ई-कचऱ्यात द्या, भंगाराच्या पोत्यात नको.