काचेची इमारत आणि वाचलेली वीज

एक मजकूर सध्या खूप फिरतोय. म्हणणं असं: शाळा किंवा कार्यालय बांधताना ऊर्जाबचतीसाठी वेगळं डिझाइन करायची गरज नाही. भरपूर काच लावा, दिवसा दिवे लागणार नाहीत. गच्चीवर सौर पॅनेल टाका, वीज फुकट. खिडक्या गच्च बंद ठेवा, एसीचा गारवा टिकेल. बाकी सगळं महागडं थोतांड. इमारतींच्या विजेचे हिशेब मांडण्यात माझा दिवस जातो, म्हणून हे उत्तर.

आधी काच. पश्चिमेला जमिनीपासून छतापर्यंत काच असलेल्या एका कार्यालयात दुपारी चारला गेलो होतो. सगळे पडदे खाली आणि सगळे दिवे चालू! खिडकीलगत बसणाऱ्याने तर काचेला पुठ्ठा चिकटवला होता. संगणकावर ऊन आलं की माणूस दुसरं काय करणार? आणि पडदा आतल्या बाजूला, म्हणजे काच ओलांडून आलेली बरीचशी उष्णता खोलीतच राहणार.

उतरत्या उन्हात अशा उभ्या काचेवर चौरस मीटरमागे ५०० वॉट सहज पडतात, आणि साधी एकेरी काच त्यातले सुमारे ८० टक्के आत सोडते. दहा चौरस मीटर काच म्हणजे ४ किलोवॅट उष्णता. एक टनाचा एसी साधारण ३.५ किलोवॅट बाहेर फेकतो. म्हणजे एक अख्खा एसी त्या काचेपायीच राबतो आणि तरी कमी पडतो. एवढी उष्णता उपसायला सव्वा किलोवॅटच्या आसपास वीज लागते, उलट एका वर्गातले सगळे एलईडी दिवे मिळून अर्धा किलोवॅटसुद्धा खात नाहीत. वाचवलं काय आणि घालवलं काय!

उजेड हवाच, पण तो खिडकीच्या माथ्याच्या उंचीच्या दोन-अडीच पटच आत पोचतो. म्हणून माथा उंच हवा आणि इमारत अरुंद. टेबलाच्या पातळीखालच्या काचेचा वाचायला जवळपास काही उपयोग नाही, ऊन मात्र तिथूनही येतं. उत्तर गोलार्धात दक्षिणेचं ऊन डोक्यावरून येतं, ते छज्जा अडवतो. पूर्व-पश्चिमेचं ऊन तिरपं, छज्जाखालून घुसणारं. त्या बाजूंना खिडक्या कमीच बऱ्या. लांब बाजू उत्तर-दक्षिणेला ठेवायला प्लॉट साथ देत असेल, तर खर्च शून्य.

सौर पॅनेल. बैठ्या शाळेत हा मुद्दा बराचसा खरा आहे, कारण गच्ची जवळपास वर्गांएवढीच असते. दहा मजली कार्यालयाला मात्र गच्ची एकच. चांगल्या उन्हाच्या प्रदेशात एक चौरस मीटर पॅनेल वर्षाला २५०–३०० युनिट देतं. खालचा प्रत्येक मजला चौरस मीटरमागे २०० युनिट खात असेल, तर गच्चीच्या त्याच एका चौरस मीटरखाली दहा मजल्यांची मिळून मागणी होते २००० युनिटची. अमेरिकेतल्या सिएटल शहराच्या ढगाळ हवेत २०१३ साली उभी राहिलेली सहा मजली बुलिट सेंटर इमारत वर्षभरात वापरापेक्षा जास्त वीज बनवू शकली, ती आधी वापर अगदी खाली आणला म्हणून. तिथेही पॅनेलचं छत भिंतींच्या बाहेरपर्यंत काढावं लागलं!

‘महागडं थोतांड’? न्यूयॉर्कच्या एम्पायर स्टेट इमारतीचं उदाहरण घ्या. १९३१ ची इमारत, २००९ साली जाहीर झालेली ऊर्जा-दुरुस्ती, ऊर्जावापर ३८ टक्के कमी करण्याचं उद्दिष्ट. ६५१४ खिडक्या काढून त्याच इमारतीत नव्याने बांधल्या, बहुतेक काच जुनीच वापरली. गंमत पुढे आहे: थंडाव्याची गरजच घटल्यामुळे चिलर, म्हणजे अख्ख्या इमारतीच्या एसीसाठी पाणी गार करणारी मोठी यंत्रं, नवे घ्यावे लागले नाहीत, जुन्यांच्या दुरुस्तीवर भागलं. खिडक्यांचा खर्च आणि यंत्रांचा खर्च वेगवेगळ्या रकान्यांत मांडणाऱ्याला ही बचत दिसतच नाही.

राहिल्या बंद खिडक्या. साधा स्प्लिट एसी बाहेरची हवा आत आणत नाही, आतलीच फिरवतो. बाहेर कार्बन डायऑक्साइड सुमारे ४२० पीपीएम, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत ४२० भाग. चाळीस मुलांच्या बंद वर्गात तो तासाभरात २००० च्या वर जातो. मग तिसऱ्या तासाला मुलं पेंगतात आणि बोलणी खातात. ताजी हवा आणणारा पंखा वर्गातल्या हवेप्रमाणे वेग बदलणारा असला, तर विजेचं ओझंही होत नाही: वेग निम्मा केला की पंख्याला लागणारी शक्ती तत्त्वतः एक अष्टमांशावर येते, आणि मधल्या सुट्टीत वर्ग रिकामा असताना तो निम्म्याच वेगाने चालेल.