फेस आला म्हणजे जंतू मेले, असे नाही

हर्णैपासून मालवणपर्यंतच्या व्हॉट्सॲप गटांत एक संदेश फिरत आहे: शिंगाळा या माशाचा काटा लागला तर जखमेत हायड्रोजन पेरॉक्साइड ओतावे, येणारा फेस म्हणजे मरणारे जंतू, फेस थांबेपर्यंत ओतत राहावे, शेवटी पाणी आणि ऑक्सिजनच उरत असल्याने अपाय नाही.

फेसाचा दावा आधी घेऊ, कारण बाकीचे सारे त्यावरच उभे आहे. पेरॉक्साइडच्या दोन रेणूंपासून पाण्याचे दोन आणि ऑक्सिजनचा एक रेणू होतो. एरवी संथ असलेली ही क्रिया रक्तातील आणि पेशींतील कॅटालेज हे विकर क्षणात घडवून आणते. म्हणून ताज्या मासळीच्या रक्तावर फेस येतो आणि कच्च्या बटाट्याच्या फोडीवरही येतो. उकडलेल्या फोडीवर मात्र येत नाही, कारण उष्णतेने विकर निकामी झालेले असते. जखमेत पू करणाऱ्या स्टॅफिलोकॉकस जंतूंकडे हेच विकर असते, तर तितक्याच त्रासदायक स्ट्रेप्टोकॉकसकडे ते नसते, आणि प्रयोगशाळेत या दोघांना वेगळे ओळखण्यासाठी हीच फेसाची चाचणी करतात. म्हणजे फेस जंतूंच्या मरणाची नव्हे, तर औषधाच्याच विघटनाची खूण आहे. जंतूंना मारते ते न विघटलेले पेरॉक्साइड.

फेस थांबेपर्यंत ओतण्याचा सल्ला म्हणूनच चुकीचा आहे. रक्त वाहते तोवर फेस येणारच, आणि दरम्यान जखम भरून काढणाऱ्या निरोगी पेशीही पोळतात.

अपाय नाही, हा दावा मला सर्वांत धोकादायक वाटतो. औषधाच्या दुकानातील ३ टक्के द्रावणाच्या १ मिलीलिटरमधून सुमारे १० मिलीलिटर ऑक्सिजन निघतो. उघड्या खरचटण्यावर तो हवेत जातो, पण शिंगाळ्याच्या काट्याने केलेली जखम अरुंद आणि खोल असते, तिच्यात कोंडलेला वायू ऊतींत शिरू शकतो. बंद पोकळीत पेरॉक्साइड वापरल्यावर वायूचे बुडबुडे रक्तवाहिन्यांत गेल्याच्या नोंदी वैद्यकात आहेत.

जुन्या बाटलीने फेस आला नाही म्हणून जखम स्वच्छ आहे, असेही कोणी समजू नये. उजेडाने, उष्णतेने किंवा लोहाच्या अंशाने बाटलीतले पेरॉक्साइड आधीच विघटलेले असू शकते.

काटा लागल्यावर जखम स्वच्छ पाण्याने धुवावी, वेदना कमी होण्यासाठी हात किंवा पाय सोसवेल इतक्या, साधारण ४५ अंश सेल्सिअसपर्यंतच्या गरम पाण्यात ठेवावा आणि आत तुकडा मोडल्याची शंका असल्यास, तसेच धनुर्वाताच्या इंजेक्शनसाठी, त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे.