मशीन ईसीजी बघून छाती दाबतं म्हणे, म्हणून तुम्ही हात आखडता घेऊ नका

एक फॉरवर्ड सध्या सगळीकडे फिरतोय आणि "हे खरं का गं" म्हणून बऱ्याच जणांनी मला पाठवलाय, तर एकदाच सविस्तर लिहून टाकते. त्यातलं म्हणणं थोडक्यात असं: आता असं मशीन आलंय जे पेशंटचा ईसीजी वाचून हृदयाच्या विजेच्या ठोक्यावर बरोब्बर छाती दाबतं, हाताने ते टायमिंग जमणं शक्यच नाही, चुकीच्या क्षणी दाब पडला तर चालू असलेलं हार्टही बंद पडतं, मशीनने वाचणाऱ्यांचं प्रमाण कितीतरी जास्त आहे, म्हणून सामान्य माणसाने छातीला हात लावू नये, मशीनवाली ॲम्ब्युलन्स बोलवावी आणि वाट बघावी. खाली हात जोडलेली इमोजी आणि "जनहितार्थ जारी".

गंमत अशी की यात एक धागा खरा आहे आणि तो खरंच इंटरेस्टिंग आहे, त्यामुळे नुसतं "फेक आहे, डिलीट करा" म्हणून भागत नाही. एकेक वाक्य घेऊ.

"असं मशीन आलंय"

छाती दाबणारी मशीन अजिबात नवीन नाहीत, १९६० च्या दशकापासून गॅसवर चालणारे पिस्टन होते. आज जास्त वापरात दिसतात ती दोन, एक स्वीडनमधल्या लुंडचं ल्युकस, ज्यात छातीवर रबरी कप बसतो आणि पिस्टन वरखाली होतो, आणि दुसरं ऑटोपल्स, ज्यात रुंद पट्टा छातीभोवती आवळला जातो आणि सैल सोडला जातो. ल्युकस मुळात मिनिटाला १०२ वेळा दाबतं, नव्या मॉडेलमध्ये वेग बदलता येतो इतकंच, आणि ऑटोपल्स ८० वेळा. म्हणजे वेग ठरवून दिलेला असतो, ईसीजीच्या रेषेवर काय चाललंय याच्याशी या दाबण्याला काही देणंघेणं नाही. ईसीजी वाचून दाब जुळवायची कल्पना आहे, त्यावर पेटंटं आहेत, डुकरांवर प्रयोग झालेत, पण तुमच्या बिल्डिंगखाली येणाऱ्या गाडीत ते नसतं. महाराष्ट्रातली १०८ ॲम्ब्युलन्स सेवा २०१४ मध्ये सुरू झाली तेव्हा ९३७ गाड्या होत्या, त्यातल्या २३३ ॲडव्हान्स्ड, म्हणजे जास्त उपकरणांच्या, आणि ७०४ बेसिक, त्यामुळे "मशीनवाली पाठवा" असं फोनवर सांगून काय होणार आहे ते तुम्हीच ठरवा.

मला वाटतं थोडा गोंधळ ईईसीपीमुळेही होत असेल. "ऑपरेशनशिवाय बायपास" अशा जाहिराती असतात ना, तेच. ते मशीन ईसीजी वाचूनच चालतं हे खरं, हृदय सैल पडायच्या वेळी पायांवरचे पट्टे फुगतात आणि रक्त वर ढकलतात, पण तो पेशंट जागा असतो, गप्पा मारत पडलेला असतो, त्याला छातीत दुखायचा जुना त्रास असतो आणि रोज तासभर असं साधारण ३५ तास करतात. कार्डिॲक अरेस्टशी, म्हणजे हृदयाचं काम अचानक थांबण्याशी, त्याचा काहीही संबंध नाही.

"हृदयाच्या विजेच्या ठोक्यावर दाबायला हवं"

आता खरा मुद्दा. ठोक्याशी जुळवायचं तर आधी ठोका पाहिजे. अरेस्टमध्ये बऱ्याचदा तोच नसतो.

भर रस्त्यात, मॅरेथॉनमध्ये, ऑफिसात माणूस अचानक कोसळतो तेव्हा पुष्कळदा व्हीएफ असतं, म्हणजे हृदयाचा प्रत्येक कोपरा आपापल्या मर्जीने थरथरत असतो, ईसीजीवर नुसती वेडीवाकडी लाट, तिच्यात कुठलाही क्षण "बरोबर" नाही की "चूक" नाही. दुसरा प्रकार म्हणजे सरळ रेष, तिथे तर जुळवायला काहीच नाही. ज्यांनी डिफिब्रिलेटर, म्हणजे शॉक देणारं मशीन, हाताळलाय त्यांना हे लगेच कळेल, कारण त्यावर सिंक नावाचं एक बटण असतं, नाडी चालू आहे पण ठोके बिघडलेत अशा पेशंटला शॉक ईसीजीच्या उंच टोकावर बसावा म्हणून, आणि ते बटण चुकून चालू राहिलं आणि पेशंट व्हीएफमध्ये असला तर मशीन ते टोक शोधत बसतं, टोक सापडत नाही आणि शॉकच सुटत नाही. हा धडा ट्रेनिंगमध्ये घोकून घेतात. म्हणजे ठोक्याची वाट बघणारं यंत्र व्हीएफमध्ये काय करेल याचं उत्तर कधीच मिळालेलं आहे.

उरतो तिसरा प्रकार, पीईए. ईसीजीवर बऱ्यापैकी ठोके दिसतायत पण नाडी लागत नाही. यातल्या काही पेशंटना सोनोग्राफीचा प्रोब छातीवर ठेवून बघितलं तर हृदय मंदपणे आवळताना दिसतं, फक्त इतकं कमजोर की मनगटापर्यंत किंवा मानेपर्यंत काही पोचत नाही, याला स्यूडो-पीईए म्हणतात. इथे मात्र टायमिंगची कल्पना एकदम पटण्यासारखी आहे. झोपाळ्याला झोका देताना तो येतोय तेव्हा धक्का दिला तर झोका मोडतो आणि जाताना दिला तर वाढतो, तसंच थकलेलं हृदय आवळतंय तेव्हाच बाहेरून दाब दिला तर दोघांचं बळ एकत्र येईल, आणि भरायला सैल पडतंय तेव्हा दाबलं तर आपणच त्याच्या आड येऊ. संशोधक नॉर्मन पॅराडिस, हेन्री हॅल्परिन आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये डुकरांवर नेमकं हेच तपासलं, आणि हृदय आवळतानाच्या क्षणी दाबल्यावर हृदयाच्या स्वतःच्या रक्तवाहिन्यांना मिळणारं प्रेशर जास्त चांगलं आलं. या प्रेशरचं महत्त्व काय, तर याच पॅराडिस यांनी १९९० मध्ये माणसांवर मोजून दाखवलं होतं की ज्यांचं ते कधीच १५ मिलिमीटरपर्यंत (पाऱ्याचे, रक्तदाब मोजतात तसे) पोचलं नाही अशा एकाही पेशंटचं हृदय परत सुरू झालं नाही. त्यामुळे हे संशोधन फालतू नाही, मला तर अरेस्टवरच्या सगळ्या वाचनात हाच भाग सगळ्यात आवडतो.

पण डुक्कर लॅबमध्ये असतं, सगळ्या नळ्या घातलेलं. बाहेर अडचणींची रांग आहे. छाती दाबली की ईसीजीच हलतो, दाबाच्या लाटा मूळ रेषेवर चढतात, म्हणून तर एईडी (सामान्य माणसालाही वापरता येणारं शॉकचं मशीन) मधेच "पेशंटला हात लावू नका" म्हणतं आणि सगळ्यांना थांबवून मग रेषा वाचतं, हा गोंधळ गाळून टाकणारे फिल्टर आलेत पण थरथर ओळखणं वेगळं आणि दर ठोक्याला मिलिसेकंदाच्या हिशोबाने पिस्टन सोडणं वेगळं. त्यात वीज आणि आकुंचन एकाच क्षणी होत नाहीत, मधे अंतर असतं, आणि ते अंतर अर्धमेल्या हृदयात धडधाकट हृदयासारखंच राहील असं कोण सांगणार? आणि समजा ईसीजीवर मिनिटाला ३५ ठोकेच आहेत, मग मशीनने ३५ वेळाच दाबायचं का? तेवढ्याने मेंदूला रक्त पुरत नाही, मग मधे जादा दाब घालावे लागणार, आणि ठोके १५० असतील तर काही सोडून द्यावे लागणार. शिवाय खरा पीईए कोणता आणि स्यूडो कोणता हे ईसीजी सांगतच नाही, त्याला सोनोग्राफी लागते किंवा धमनीत नळी. आणि पीईएचं मूळ बरेचदा दुसरीकडेच असतं, रक्तस्राव, ऑक्सिजनची कमतरता, फुप्फुसात अडकलेली गाठ, हृदयाभोवती साचलेलं पाणी, ते सापडून दूर झालं नाही तर कितीही सुरात दाबा, पेशंट परत येत नाही.

"चुकीच्या क्षणी हात पडला तर चालू हार्ट बंद पडतं"

हे वाक्य सगळ्यात घातक, कारण ते अर्धं खरं आहे. ईसीजीच्या टी लाटेच्या (प्रत्येक ठोक्याच्या शेवटी येणारी लाट) चढावर, तिचं टोक यायच्या १५ ते ३० मिलिसेकंद आधी, एक नाजूक खिडकी असते आणि त्या क्षणी छातीवर जोरात आघात झाला, म्हणजे बेसबॉल किंवा कोपर बसलं, तर तगड्या पोराचं हृदयही व्हीएफमध्ये जाऊ शकतं. कमोशिओ कॉर्डिस म्हणतात त्याला, डुकरांवरचं ते टायमिंग १९९८ मध्ये छापून आलंय. शॉक देऊन ठोके आल्यावर लगेच छाती दाबल्याने व्हीएफ परत येतं का यावरही अभ्यास झालेत आणि सिंकवाल्यांचा एक दावा हाच आहे की ती खिडकी मशीनला टाळता येईल. ठीक आहे. पण शॉकनंतर लगेच दाबणं सुरू करा हा नियम त्यामुळे बदललेला नाही, कारण न दाबण्याचा तोटा पक्का आहे.

आणि रस्त्यावर कोसळलेल्या माणसाचं म्हणाल, तर जो हाक मारून, खांदे हलवून उठत नाही, ज्याचा श्वास नाही किंवा मासळीसारखा अधूनमधून आचके देतोय, त्याचं "चालू हार्ट" तुम्ही बंद पाडणार आहात ही भीती कसली? समजा अंदाज चुकला आणि त्याला अरेस्ट नव्हताच, तर? अमेरिकेत सिएटलच्या भागात फोनवरून सूचना ऐकून लोकांनी छाती दाबली आणि नंतर अरेस्ट नव्हता असं निघालं, अशा पेशंटचा अभ्यास २०१० मध्ये आला, त्यात हाड मोडल्याचं प्रमाण साधारण २ टक्के होतं आणि आतल्या अवयवांना इजा एकालाही नाही.

"मशीनने जास्त जगतात"

थोडक्यात आटपते. २०१४ ची लिंक ट्रायल, ल्युकस, २५८९ पेशंट: चार तासांनी जिवंत मशीनकडे २३.६ टक्के, हाताकडे २३.७. ब्रिटनमधली पॅरामेडिक ट्रायल, तेही ल्युकस, ४४७१ पेशंट: ३० दिवसांनी मशीन ६ टक्के, हात ७. ऑटोपल्सची सर्क ट्रायल, ४२३१ पेशंट: बरोबरी. त्याआधी २००६ मध्ये ऑटोपल्सचीच ॲस्पायर ट्रायल मधेच थांबवावी लागली, कारण मशीनच्या बाजूला शुद्धीवर नीट येऊन घरी जाणारे कमी निघाले. आता कुणी म्हणेल ही मशीन ईसीजीशी सिंक नव्हती. अगदी बरोबर! मग फॉरवर्डमधलं "कितीतरी जास्त" नेमक्या कुठल्या मशीनचं आहे? ज्यांची मोजणी झाली ती सिंक नाहीत आणि सिंकवाल्यांची मोजणी डुकरांवर.

मशीन टाकाऊ आहेत असं मी म्हणत नाहीये. धावत्या ॲम्ब्युलन्समध्ये उभं राहून छाती दाबणं म्हणजे वाचवणाऱ्याच्याच जिवाशी खेळ, अँजिओप्लास्टी करतात त्या कॅथलॅबमध्ये एक्स-रेखाली हात घालता येत नाहीत, थंडीने गारठलेल्या पेशंटला तास-दोन तास दाबत राहावं लागतं, अशा ठिकाणी मशीन सोन्यासारखं आहे आणि गाईडलाइन तेच सांगतात: सरसकट नको, जिथे हाताने नीट जमत नाही तिथे वापरा.

"हात लावू नका, वाट बघा"

व्हीएफमध्ये सीपीआर (म्हणजे हेच छाती दाबणं) न मिळता गेलेल्या प्रत्येक मिनिटाला वाचायची शक्यता ७ ते १० टक्क्यांनी घसरते. ट्रॅफिकमधून ॲम्ब्युलन्स किती मिनिटांत येते ते तुम्हाला माहीत आहे, गणित तुमचं तुम्ही करा.

विजेचंच कौतुक असेल तर हे पण ऐका, छाती बाहेरून दाबायची पद्धत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये विजेच्या शॉकवर संशोधन करताना सापडली, आणि त्या टीमचे प्रमुख विल्यम कौवेनहोवेन हे डॉक्टर नव्हे, इलेक्ट्रिकल इंजिनिअर. शॉकचे जड पॅडल कुत्र्याच्या छातीवर दाबून धरले की शॉक द्यायच्या आधीच रक्तदाब जरासा उसळतो, हे त्यांच्या टीममधल्या गाय निकरबॉकरच्या लक्षात आलं आणि १९६० च्या त्यांच्या पेपरात स्पष्ट लिहिलंय की हे कुणीही, कुठेही सुरू करू शकतं, लागतात फक्त दोन हात. आपल्याकडे इंडियन रिससिटेशन कौन्सिलनेही सामान्य लोकांसाठी तोंडाने श्वास द्यायची भानगड काढून टाकून फक्त छाती दाबायची पद्धत ठरवून दिलीये. छातीच्या मधोमध, हाडाच्या खालच्या अर्ध्यावर तळहाताचा मनगटाजवळचा भाग, कोपरं ताठ, मोठ्या माणसाला ५ ते ६ सेंटीमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२०, प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यायची, दोन मिनिटांनी माणूस बदलायचा, आणि त्याआधी कुणालातरी नाव घेऊन सांगायचं की तू १०८ लाव. "कुणीतरी फोन करा" म्हटलं की कुणीच करत नाही.

तो फॉरवर्ड वाचून दोन सोसायट्यांमध्ये वर्गणी काढून छाती दाबायचं मशीन घ्यायची चर्चा सुरू झाल्याचं कानावर आलंय, तर त्यांना एवढंच सांगेन की वीज वाचणारं यंत्र हवंच असेल तर एईडी घ्या. ते ईसीजी खरंच वाचतं, शॉक लागेल की नाही ते स्वतः ठरवतं, पुढे काय करायचं ते बोलून सांगतं आणि कितीतरी स्वस्त पडतं. फक्त पॅड आणि बॅटरीला एक्सपायरी असते, ती तारीख नोटीस बोर्डावर लावा, आणि कपाटाला कुलूप लावून किल्ली सेक्रेटरीकडे ठेवू नका, ते लग्नाला नाशिकला गेलेले असतात. वॉचमनच्या केबिनबाहेर, उघडं, आणि दोन्ही शिफ्टच्या वॉचमनना एकदा हाताळून दाखवलेलं.