वर्णनात ड्रोनवाल्याचं नाव आहे

आमच्या पुण्याच्या कॉलेजच्या ग्रुपवर सध्या एकच वाद पेटलाय. रील्सनी मराठी गाण्याची वाट लावली, हुक स्टेपपलीकडे काही उरलं नाही, एम टीव्ही-चॅनेल व्हीच्या दिवसांत व्हिडिओ कसे निगुतीने बनायचे, असा एकूण सूर. उपाय म्हणे, मराठीला दर्जेदार म्युझिक चॅनेल हवं आणि सरकारने त्याला अनुदान द्यावं. तसा अर्जही कुणीतरी लिहून टाकलाय आणि माझी सही मागितली आहे. मी राहते जर्मनीतल्या कोलोनला. असं स्वभाषेचं चॅनेल या गावाने जन्माला घालून, वाढवून, पोहोचवूनसुद्धा झालंय.

त्याचं नाव व्हिवा. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला युरोपभर एम टीव्ही दिसायचं ते लंडनहून, इंग्रजीत. जर्मन गाण्यांना तिथे फारसा थारा नव्हता. म्हणून वॉर्नर, सोनी, पॉलिग्राम, ईएमआय या रेकॉर्ड कंपन्यांनीच पैसे घालून १ डिसेंबर १९९३ ला आपलं चॅनेल काढलं. पहिला व्हिडिओ लागला स्टुटगार्टच्या 'दी फँटास्टिशन फिअर' या चौकडीचा. जर्मनमध्ये रॅप जमतो का, यावर तेव्हा लोक गंभीरपणे वाद घालत. तो प्रश्न काही वर्षांतच कुणी विचारेनासं झालं. स्टेफान राब, हाइके माकाच ही निवेदक मंडळी इथूनच घरोघरी पोचली. झक मारत एम टीव्हीलाही जर्मन बोलावं लागलं. आणि मग २००४ मध्ये एम टीव्हीच्या मालकांनी, म्हणजे व्हायाकॉमने, व्हिवाच विकत घेतलं.

पुढचं सांगण्यासारखं फार नाही. रिंगटोनच्या जाहिराती, डेटिंगचे कार्यक्रम, शेवटी शेवटी तर अर्धा दिवस त्याच जागेवर कॉमेडी सेंट्रल. ३१ डिसेंबर २०१८ ला दिवा मालवला. ऑफिसातले चाळिशीचे सहकारी हळहळले खरे, पण शेवटचं कधी पाहिलं होतं म्हटल्यावर एकालाही आठवेना.

आता आपल्याकडचं बघू. ज्या काळाच्या नावाने ग्रुप उसासे टाकतोय, त्यात मराठी होती कुठे? १९९५ चं 'मेड इन इंडिया', लकी अली, कलोनियल कझिन्स, सगळा कारभार हिंदीत, तोंडी लावायला इंग्रजी. पंजाबीतून दलेर मेहंदी. (त्यांचं 'तुनक तुनक तुन' हा माझ्या शेजारच्या टेबलावरच्या जर्मन गृहस्थांना माहीत असलेला एकमेव भारतीय व्हिडिओ. पडद्यावर एकाच वेळी चार दलेर. भारतात सगळे असेच नाचतात असा त्यांचा समज आहे आणि वरातीपुरता तो मी खोडून काढलेला नाही.) मराठीतून अवधूत गुप्ते आणि वैशाली सामंत यांच्या 'ऐका दाजिबा'ने धमाल उडवली, पण तशी नावं आठवायला बसलं की बोटं उरतात.

मराठी व्हिडिओ जगत होता तो दुसरीकडेच. एसटी स्टँडबाहेरच्या टपरीवरच्या व्हीसीडीत, रातराणी लक्झरीच्या पुढच्या टीव्हीवर, जत्रेतल्या स्टॉलवर. कोळीगीतं, भीमगीतं, खंडोबाची गाणी. आमच्या ग्रुपमधलं कुणी ती विकत घेत नव्हतं, मीही नाही. आज जे रील्सवर उसळतंय ते बरंचसं त्याच वस्तीतून आलेलं आहे. २०२० च्या जूनअखेरीस भारतात टिकटॉकवर बंदी आली, लगोलग रील्स आलं आणि दारावरचा वॉचमनच गेला. जळगाव जिल्ह्यातल्या संजू राठोडचं 'गुलाबी साडी' २०२४ मध्ये देशभर वाजलं. 'हाई झुमका वाली पोर' या अहिराणी गाण्याला कोट्यवधी व्ह्यूज आहेत. अनुदानित दर्जेदार चॅनेलच्या निवड समितीत हे गाणं पास झालं असतं का, हे अर्ज लिहिणाऱ्यांनी छातीवर हात ठेवून सांगावं.

इथल्या गणपतीत आमच्या मंडळातल्या मुली याच गाण्यांवर नाचतात. इथेच जन्मलेल्या, आईशी निम्मं जर्मन बोलणाऱ्या. फोन खुर्चीला टेकवून, व्हिडिओ मागे-पुढे करत स्टेप बसवतात. कडवी कुणालाच येत नाहीत, हे ग्रुपचं म्हणणं मान्य. पण आमच्या वेळी तरी गणपतीत कडवी कोण म्हणत होतं?

मला खटकतं ते वेगळंच. जर्मनीतही यूट्यूबवरून मोठं भांडण झालं, पण ते अभिरुचीचं नव्हतं. संगीतकार आणि गीतकारांचे हक्क सांभाळणारी गेमा ही संस्था आणि यूट्यूब यांचा करार २००९ मध्ये संपला. दर व्ह्यूमागे किती द्यायचे यावर जमेना. नोव्हेंबर २०१६ मध्ये तडजोड होईपर्यंत असंख्य म्युझिक व्हिडिओ जर्मनीत दिसतच नव्हते. जागेवर रडवेला चेहरा आणि दिलगिरीची एक ओळ. लोक गेमाला शिव्या घालायचे. पण वाद लिहिणाऱ्याच्या पैशाचा आहे, हे शाळकरी पोरांनाही ठाऊक झालं. आपल्याकडे २०१२ मध्ये कॉपीराइट कायदा बदलला, गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीतला वाटा कायद्यात आला. त्यावर मराठी ग्रुपांत कधी महिनाभर वाद झालेला मी तरी पाहिला नाही.

इथे मंडळाने गाण्यांचा प्रत्यक्ष कार्यक्रम केला तर गेमाला गाण्यांची यादी द्यावी लागते: गाण्याचं नाव, संगीतकार, गीतकार. गेल्या वेळी ते काम माझ्या गळ्यात पडलं. गदिमा-बाबूजींच्या ओळी पाच मिनिटांत भरून झाल्या. मग हळदीची गाणी आली. यूट्यूबवर व्हिडिओखालचं वर्णन उघडलं. नायक, नायिका, मेकअप, केशभूषा, ड्रोन, पोस्टर डिझाइन, 'विशेष आभार' म्हणून सरपंच. गीतकार नाही. दुसऱ्याखाली तीच तऱ्हा. तिसऱ्याखाली 'पारंपरिक' असं लिहिलेलं, आणि गाण्यात बुलेटचा उल्लेख. शेवटी कॉमेंट्समध्ये कुणीतरी 'आमच्या गावच्या दादाने लिहिलंय' असं लिहिलेलं सापडलं, त्यावरून विचारपूस करत नाव मिळवलं.

ग्रुपला कळवलंय की चॅनेलच्या अर्जावर माझी सही मिळणार नाही. पण व्हिडिओखाली गीतकार-संगीतकाराचं नाव नसेल तर लेबलांना आणि कलाकारांना जाहीर विचारायचं ठरलं, तर पहिला मेसेज मी टाइप करते. अजून तरी दोन अंगठे आलेत.